भिंत मालकाची, ओल कोणाची?

दिल्लीत भाड्याचं घर बघायला गेलात आणि एखाद्याच भिंतीला जमिनीपासून चार फुटांपर्यंत संगमरवराची नक्कल करणारे चकचकीत पीव्हीसी पॅनल दिसले, तर त्या पॅनलच्या कडेशी नाक न्या. बाकी घराला साधा डिस्टेंपर आणि एवढ्याच भिंतीला ही सजावट, याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: मागची भिंत ओली आहे. पॅनल ठोकले की पोपडे दिसेनासे होतात, दलाल ‘नया काम कराया है, भैया’ म्हणून मोकळा होतो आणि पॅनलच्या मागे ना हवा राहते, ना उजेड. बुरशीला याहून सोयीची जागा नाही. दोन महिन्यांत कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येऊ लागतो, पुस्तकांची पानं मऊ पडतात, मुलाचा खोकला हटत नाही. तोवर करारावर सह्या झालेल्या असतात आणि डिपॉझिट मालकाच्या खात्यात पडलेलं असतं.

मग वाद सुरू होतो. मालक म्हणतो, तुम्ही खिडक्या उघडत नाही, खोलीत कपडे वाळत घालता. भाडेकरू म्हणतो, तुमची भिंतच गळते. दोघंही लगेच पैशांवर येतात, आणि तिथेच चुकतं. खर्च कोणाचा, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, पाणी येतंय कुठून? तो सुटला की दुसऱ्याचं उत्तर बरंचसं आपोआप मिळतं. तो न सोडवता केलेली भांडणं वर्षभर चालतात आणि शेवटी डिपॉझिटवर येऊन संपतात.

बुरशीचे बीजाणू सगळ्याच घरांच्या हवेत असतात. अन्न म्हणून त्यांना रंग, कागद, लाकूड, साचलेली धूळ, काहीही चालतं. कमी असतं ते फक्त पाणी. ओली झालेली जागा 24 ते 48 तासांत वाळली नाही तर बुरशी धरायला लागते. म्हणून ती पुसून, ब्लीच लावून किंवा वरून रंग मारून भागत नाही. डाग जातो, पाणी राहतं, आणि पुढच्या महिन्यात डाग परत येतो. जागतिक आरोग्य संघटनेने घरातली ओल आणि बुरशी यांवर 2009 मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना दमा आणि श्वसनाचे इतर त्रास जास्त होतात, हे त्यात स्पष्ट म्हटलं आहे. ‘थोडी सीलन तो हर घर में होती है’ हे दिल्लीत नेहमी ऐकू येणारं वाक्य म्हणूनच मला मान्य नाही.

दिल्लीच्या घरांत ही ओल चार वाटांनी येते आणि प्रत्येक वाटेची खूण वेगळी असते. पहिली खालून. जुन्या घरांच्या पायात ओलरोधक थर नसतो किंवा तो फुटलेला असतो. जमिनीतलं पाणी विटांमधून वर चढतं, सोबत क्षार आणतं. भिंतीला लोणा लागतो, पांढरी भुकटी सुटते, पोपडे गळतात. ही ओल साधारण तीन-चार फुटांवर थांबते आणि तिथे आडवी, वेडीवाकडी रेघ दिसते. पॅनल चार फुटांचेच का असतात, ते यावरून कळतं.

दुसरी वाट वरून, पावसाची. दिल्लीत वर्षाकाठी पाऊस मुंबईच्या मानाने कितीतरी कमी, पण तो थोड्या दिवसांत कोसळतो. 28 जून 2024 रोजी सफदरजंग वेधशाळेत 24 तासांत 228.1 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. जून महिन्यात 1936 नंतर एवढा पाऊस झाला नव्हता. वर्षभर उन्हाने तडकलेल्या गच्च्या असा एक दिवस पेलू शकत नाहीत. छताचा डाग पावसानंतर वाढत असेल आणि हिवाळ्यात सुकत असेल, तर दोष गच्चीचा किंवा छज्ज्याचा.

तिसरी वाट नळांची आणि न्हाणीची. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराखाली, बारा महिने, पाऊस असो वा नसो, डाग ओलाच असतो. पाइप भिंतीत असेल तर सगळे नळ बंद करून रात्री मीटरचा आकडा लिहून ठेवायचा आणि सकाळी पुन्हा बघायचा. आकडा सरकला असेल तर मीटरपुढच्या पाइपमधून पाणी जातंय. सांडपाण्याच्या गळतीसाठी वरच्या न्हाणीत रंगीत पाणी ओततात आणि खालच्या डागात तो रंग उतरतो का ते बघतात. दिल्लीतला कुठलाही जाणता प्लंबर हे करतो.

चौथी वाट घरातल्याच वाफेची. डिसेंबर-जानेवारीत बाहेर धुकं, भिंती गार, खिडक्या गच्च बंद, आत हीटरपाशी वाळत घातलेले कपडे, गीझरची वाफ, डाळीच्या कुकरची वाफ. ही सगळी वाफ उत्तरेकडच्या गार भिंतीवर जाऊन पाणी होते. काळे ठिपके वरच्या कोपऱ्यात आणि भिंतीला टेकवलेल्या कपाटामागे दिसतात. लोणा नसतो, रेघ नसते. मे-जूनमध्ये हेच काम डेझर्ट कूलर करतो. खिडकी बंद ठेवून कूलर चालवला की खोली दमट होते, आणि टाकी भरून वाहिली की खिडकीखालची भिंत भिजते.

शंका असेल तर एक सोपी चाचणी करा. भिंतीचा ओला भाग पुसून, वाळवून त्यावर फूटभर चौकोनी ॲल्युमिनियम फॉइल चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून लावा. एक-दोन दिवसांनी उघडा. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर ती हवेतली वाफ. भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येतंय. दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. ‘तुम्ही खिडक्या उघडत नाही’ या आरोपाला दहा रुपयांच्या फॉइलइतकं चोख उत्तर मला दुसरं माहीत नाही.

आता कायदा. राजधानी क्षेत्रात तो रस्ता ओलांडला की बदलतो. मयूरविहारमधून नोएडात गेलात की उत्तर प्रदेशचा, महरौलीतून गुरुग्रामला गेलात की हरियाणाचा.

दिल्लीचा भाडे नियंत्रण कायदा 1958 चा. त्याचं कलम 44 वाचलं की भाडेकरूला हायसं वाटतं. मालकाने जागा राहण्याजोग्या, चांगल्या स्थितीत ठेवलीच पाहिजे, असं ते सांगतं. लेखी नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने ती करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षात वर्षभराच्या भाड्याच्या एक-बारांशापेक्षा जास्त नाही. दुरुस्तीशिवाय घरात राहणंच अशक्य किंवा फार गैरसोयीचं असेल, तर रेंट कंट्रोलरकडे खर्चाचा अंदाज घेऊन जायचं. कंट्रोलर मालकाचं म्हणणं ऐकून परवानगी देऊ शकतो आणि मग वळतं करण्याची मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या निम्म्यापर्यंत जाते.

पण 1988 मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि महिना 3,500 रुपयांपेक्षा जास्त भाड्याची घरं त्यातून बाहेर पडली. आज दिल्लीत साडेतीन हजारांत काय मिळतं? म्हणजे कलम 44 चं छत्र आज मुख्यतः जुन्या भाडेकरूंवर उरलं. चांदनी चौक, पहाडगंज, करोलबाग इथल्या ज्या घरांचं भाडं पिढ्यान्‌पिढ्या गोठलेलं आहे, त्यांच्यावर. आणि त्यांचा हिशेब मांडा. महिना शंभर रुपये भाडं असेल तर वर्षाचे बाराशे, त्याचा एक-बारांश म्हणजे शंभर रुपये. तेवढ्यात सिमेंटचं पोतंही येत नाही. ज्याच्याकडे हक्क आहे त्याच्या हक्कात दम नाही, आणि ज्याला गरज आहे त्याला तो हक्कच नाही. संसदेने 1995 मध्ये दिल्लीसाठी नवा भाडे कायदा मंजूर केला, त्याला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली; जुन्या भाडेकरू व्यापाऱ्यांचा विरोध इतका होता की तो अमलात कधी आलाच नाही.

साडेतीन हजारांच्या वरच्या घरांसाठी मग उरतो 1882 चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम आणि त्याचं कलम 108. मालक जी दुरुस्ती करायला बांधील आहे ती त्याने नोटिशीनंतर केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च व्याजासह भाड्यातून कापू शकतो, असं ते म्हणतं. मर्यादा नाही, कंट्रोलर नाही; ऐकायला उत्तम. सगळी मेख ‘बांधील आहे’ या शब्दांत आहे. कोणती दुरुस्ती मालकावर बंधनकारक, हे हा कायदा सांगत नाही. ते करारात लिहिलेलं असावं लागतं. करार गप्प असेल तर भाडेकरूच्या हातात फारसं काही राहत नाही.

याच कलमात मात्र आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे लोक बघत नाहीत. जागेत काही मोठा दोष असेल, तो मालकाला ठाऊक असेल आणि भाडेकरूला नेहमीची काळजी घेऊनही दिसण्याजोगा नसेल, तर तो आधी सांगणं मालकाचं कर्तव्य आहे. ओल्या भिंतीवर पॅनल ठोकून घर दाखवणं हे थेट या कर्तव्याच्या विरुद्ध जातं.

आणि दिल्लीतला करार कसा असतो? अकरा महिन्यांचा. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो, त्यातून सुटण्यासाठी ही अकराची वहिवाट. ई-स्टँप पेपरवर छापील मजकूर, नोटरीचा शिक्का, नावं आणि रक्कम तेवढी बदललेली. त्यात दुरुस्तीचं कलम बहुधा असतं: फ्यूज, बल्ब, गळके नळ अशा रोजच्या किरकोळ दुरुस्त्या भाडेकरूने कराव्यात, ‘मेजर’ दुरुस्त्या मालकाने. मेजर म्हणजे काय, ते कुठेच नसतं. छत गळलं की मालक म्हणतो, ही तर किरकोळ बाब, पुट्टी मारून घ्या.

नोएडा-गाझियाबादमध्ये चित्र बरं आहे. केंद्राने जून 2021 मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. तो आपोआप कुठेच लागू होत नाही, राज्यांनी स्वीकारायचा आहे. उत्तर प्रदेशाने त्याच वर्षी त्याच साच्यातला नगरीय परिसर किरायेदारी विनियमन अधिनियम केला. आदर्श कायद्याच्या परिशिष्टात कामांची वाटणीच करून दिली आहे. इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती, भिंतींची सफेदी, पाइप बदलणं आणि वायरिंग मालकाकडे. नळाचे वायसर, तुंबलेली मोरी, बेसिन, कमोड, गीझर, बटणं, खिडकीच्या काचा भाडेकरूकडे. मालक टाळाटाळ करत असेल तर भाडेकरूने काम करून खर्च वळता करावा, पण एका महिन्यात निम्म्या भाड्याहून जास्त नाही. घर राहण्याजोगंच उरलं नसेल आणि लेखी कळवूनही मालक हलत नसेल, तर 15 दिवसांच्या लेखी नोटिशीने घर सोडता येतं. निवासी घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नाही. पक्षांनी लेखी वेगळं ठरवलं असेल तर मात्र दुरुस्तीची वाटणी बदलू शकते, म्हणून करार तिथेही वाचायलाच हवा. गुरुग्राम-फरीदाबादसाठी 1973 चा हरियाणाचा वेगळा कायदा आहे.

महाराष्ट्रातून आलेल्या वाचकाला दिल्लीचं कलम 44 तोकडं वाटेल, कारण आपल्याकडच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 14 त्याहून उदार आहे. पंधरा दिवसांहून कमी नाही अशा मुदतीची नोटीस, आणि मग वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापर्यंत वळतं. पण ते संरक्षणही भाडेकरूला आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला तिथेही करारावरच विसंबावं लागतं.

दिल्लीत एक गुंता खास तिथला आहे: बिल्डर फ्लोअर. एका प्लॉटवर खाली पार्किंग, वर चार मजले, प्रत्येक मजल्याचा मालक वेगळा, गच्चीचा हक्क बहुधा सर्वात वरच्याकडे, आणि सोसायटी नावाची गोष्टच नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूचं छत तिसऱ्या मजल्याच्या न्हाणीमुळे गळतं. त्याचा मालक म्हणतो, ‘ऊपरवाले से बात करो.’ वरचा म्हणतो, मी तर स्वतः भाडेकरू आहे, अंकलजींना फोन करा. आणि अंकलजी कॅनडात मुलाकडे. अशा वेळी भाडेकरूने वरच्याशी भांडत बसू नये. त्याचा करार त्याच्या मालकाशी आहे, वरच्याशी नाही. नोटीस आपल्या मालकाला द्यायची आणि वरच्या मालकाला गाठण्याचं काम त्याच्यावर सोपवायचं. स्थावर संपदेचा रेरा कायदा लागू असलेल्या नव्या इमारतीत आणखी एक दार असतं: त्याप्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत ढाच्यातला दोष दाखवला तर बिल्डरने तो 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. ही मागणी घर विकत घेणाऱ्याने करायची असते, भाडेकरूने नाही. भाडेकरूने मालकाला वेळेत लेखी कळवलं नाही तर ती पाच वर्षं निघून जातात आणि नुकसान मालकाचंच होतं. एवढं समजावून सांगितलं तर बरेच मालक जागे होतात.

गळतीला वेळेवर दाद न देण्याची किंमत रंगाच्या डब्यापुरती नसते. काँक्रीटमध्ये पाणी आणि क्लोराइड पोचले की आतली सळई गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. मुखर्जीनगरमधल्या सिग्नेचर व्ह्यू या दिल्ली विकास प्राधिकरणाच्या संकुलात, 12 टॉवर आणि 336 फ्लॅट, बांधून थोडीच वर्षं होतात तोच स्लॅबचे तुकडे पडू लागले. आयआयटी दिल्लीच्या तपासणीनंतर ते राहायला असुरक्षित ठरलं. डिसेंबर 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते पाडून पुन्हा बांधायला, आणि तोवर रहिवाशांना दरमहा मोठ्या फ्लॅटसाठी 50,000 आणि मध्यम फ्लॅटसाठी 38,000 रुपये भाडं द्यायला प्राधिकरणाला सांगितलं. गुरुग्रामच्या सेक्टर 109 मधल्या चिंटेल्स पॅराडिसोत 10 फेब्रुवारी 2022 रोजी एका टॉवरचे स्लॅब एकावर एक कोसळले, दोन महिला गेल्या. तिथेही आयआयटीला काँक्रीटमध्ये क्लोराइड आणि गंजलेल्या सळया आढळल्या. प्रत्येक ओला डाग असा शेवट करत नाही. पण छतातून गंजाचे तांबूस ओघळ उतरत असतील, प्लास्टर पोकळ वाजत असेल, तर ते बुरशीचं प्रकरण उरलेलं नाही. तिथे रंगारी नको, स्ट्रक्चरल इंजिनिअर हवा.

तळघरांबद्दल तर तडजोडच नको. जुनं राजेंद्रनगर आणि मुखर्जीनगर इथे महाराष्ट्रातून स्पर्धा परीक्षांसाठी आलेली मुलं मोठ्या संख्येने राहतात आणि स्वस्त म्हणून तळघरातल्या अभ्यासिका, खोल्या घेतात. 27 जुलै 2024 च्या संध्याकाळी जुन्या राजेंद्रनगरच्या एका कोचिंग क्लासच्या तळघरातल्या वाचनालयात पावसाचं पाणी घुसून तीन विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. त्या तळघराला परवानगी पार्किंग आणि साठवणुकीपुरती होती. लातूरहून, बीडहून मुलाला दिल्लीला पाठवणाऱ्या आईबापांना मी हात जोडून सांगते, भाडं दोन हजारांनी जास्त पडलं तरी चालेल, मुलाला जमिनीखाली राहू देऊ नका, अभ्यासालाही बसू देऊ नका.

इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरातल्या ओल-बुरशीवर कायदा झाला तो एका लहान मुलाच्या मृत्यूनंतर. रॉचडेलमध्ये गृहनिर्माण संस्थेच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा दोन वर्षांचा आवाब डिसेंबर 2020 मध्ये वारला. घरातल्या बुरशीशी दीर्घकाळ आलेला संपर्क हे कारण असल्याचा निष्कर्ष नोव्हेंबर 2022 मध्ये मृत्युचौकशीत निघाला. वडील 2017 पासून तक्रार करत होते. त्यांना वरून रंग मारा असं सांगितलं गेलं होतं. त्याच्या नावाचा कायदा ऑक्टोबर 2025 पासून तिथल्या सामाजिक घरांना लागू झाला: तातडीचा धोका 24 तासांत हाताळायचा, गंभीर ओल-बुरशीची तपासणी दहा कामकाजी दिवसांत. आपल्याकडच्या कायद्यांत ‘वाजवी मुदत’ असते. दिवसांचा आकडा घालायला काय हरकत आहे, हे मला समजलेलं नाही.

भाडेकरूच्या अंगावरही बरंच येतं आणि ते झटकू नये. न्हाणीचा एक्झॉस्ट चालवणं, बाल्कनीच्या नालीतली पानं काढणं, कूलरची टाकी भरून वाहू न देणं, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवणं, आणि गळती दिसली की त्याच आठवड्यात कळवणं. कलम 108 प्रमाणे घर घेतलं तशा स्थितीत परत करायचं असतं. नेहमीच्या वापराची झीज तेवढी माफ. म्हणजे तीन वर्षांत फिका पडलेला रंग हा डिपॉझिटमधून कापण्याचा विषय नाही. तुमच्या कूलरने भिजवलेली भिंत मात्र आहे.

सामान आत नेण्याआधी रिकाम्या घराचा, प्रत्येक भिंतीचा, सिंकखालच्या कपाटाचा आणि छताचा व्हिडिओ काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते. गळती सुरू झाली की आधी संदेश, मग ई-मेल, मग स्पीड पोस्टने नोटीस. तिच्यात डाग कुठे आहे, कधीपासून, पाणी कुठून येतंय आणि किती दिवसांत काम हवं, एवढं लिहा. भाडं थांबवू नका. थकबाकी हे घर खाली करून घेण्याचं मालकाचं सर्वात सोपं हत्यार आहे. कराराने किंवा कायद्याने परवानगी दिली असेल तेवढंच वळतं करा आणि प्लंबरची पावती जपून ठेवा.

आणि सहीच्या आधी त्या छापील करारात हे वाक्य हाताने लिहून दोघांच्या सह्या घ्या: ‘छत, भिंती, गच्ची, भिंतीतले पाइप आणि वरच्या मजल्यावरून येणारी गळती व ओल यांची दुरुस्ती मालक लेखी सूचनेपासून पंधरा दिवसांत करील, न केल्यास भाडेकरू ती करून पावतीप्रमाणे खर्च भाड्यातून वळता करील.’ हे वाक्य लिहू द्यायला मालक तयार नसेल, तर त्याला त्या भिंतीबद्दल तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. दुसरं घर बघा.